धुरपीचा आवाज

१० ऑगस्ट १९६८

घसा पार बसला. मीठपाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळलं — आवाज फुटत नाही. पण धुरपी पूर्णेचा पूर पोहून गेली!

शाळेच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना सतरंज्या टांगल्या, गॅसबत्ती पेटली, आणि पडद्यावर पाणी हललं तशी पुढची पोरं खरंच पाय आखडून बसली. धुरपीच्या डोक्यावर बकरीचं पिल्लू. मगरीनं तिचा पाय धरला. मी पडद्यामागून ओरडले, "सोड बे! नाहीतर तुहे दात काढून तुह्याच हातात देईन!" मगरीला हात कुठले? पण काय शिट्ट्या पडल्या!

खेळ संपल्यावर बाबांना हार. हेडमास्तर म्हणाले, "वामनराव, मुलींना धीट करायचं काम तुम्ही हाती घेतलं आहे." बाबांचे डोळे भरून आले. नाटक नाही, खरंच भरतात त्यांचे. मी तेव्हा मागं जमिनीवर वाकून मगरीचा तुटलेला जबडा शोधत होते.

१३ ऑगस्ट

नीट लिहून ठेवते. बाहेर सगळं वेगळंच सांगितलं जातं.

बाबा इथं नांदुऱ्याच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर. ओळखीच्या दवाखान्यातून वापरलेल्या एक्स-रे फिल्मा आणतात. मी त्या सोड्याच्या गरम पाण्यात घासते — कोणाच्या बरगड्या, कोणाचा मोडलेला हात, सगळं निघून जातं. खाली काचेसारखी स्वच्छ फिल्म राहते. तीवर रंगीत शाईनं चित्र काढायचं. हात वेगळे, पाय वेगळे, मान वेगळी. भोक पाडून दोऱ्यानं जोडायचं, मागं काड्या लावायच्या. बत्तीसमोर धरून हलवलं की पडद्यावर चित्र चालतं, पळतं, झाडावर चढतं. बाबा काड्या धरतात. बोलते मी. सगळ्यांचंच बोलते, पण धुरपीचं बोलताना काही करावं लागत नाही, आपोआप येतं.

बत्तीची पत्र्याची पेटी फकीरचाचांनी बनवली. चाचा म्हणजे फकीर मोहम्मद, बाजारगल्लीत बादल्या, चिमण्या, चाळण्या करतात. त्यांची शकीला मॅट्रिकच्या वर्गात माझ्याच बाकावर बसते. माझी ती एकच मैत्रीण.

बाबांनी आधी मुलगाच सांगितला होता काढायला. मी वेणी काढली, परकर खोचला, नाव ठेवलं धुरपी. बाबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं अन् म्हणाले, "असू दे. नवीन वाटंल लोकाइले." आता सांगतात, मला ही मुलगी स्वप्नात दिसली. स्वप्नात!

२२ ऑगस्ट

पेपरात बाबांचा फोटो. मोठं छापून आलं आहे, मुलींच्या शिक्षणाचा कैवारी वगैरे. तळाशी — "या कामी त्यांना कुटुंबीयांचे साहाय्य लाभते."

कुटुंबीय म्हणजे मी. आणि आई. आई खेळाच्या वेळी पाण्याची बादली घेऊन मागच्या दाराशी बसते, बत्ती भडकली तर ओतायला. तिनं धुरपीला समोरून अजून पाहिलंच नाही.

७ सप्टेंबर

धुरपी सातपुड्यात गेली. एकटी. अस्वलाला मधाच्या पोळ्यापाशी गाठलं.

घरी येताना गल्लीत दोन लहान पोरी परकर खोचून गटारावरून उड्या मारत होत्या. "मी धुरपी!" "नाही, मी!" एक पडली गटारात. तिची आई धावत आली, कान पिळला अन् म्हणाली, "आणखी जाशीन खेळ पाहाले?"

तरी ती पोरगी रडली नाही. हात झटकून उभी राहिली. मला इतकं बरं वाटलं!

१५ सप्टेंबर

आज जेवताना विचारलं. किती दिवस घोकत होते.

"बाबा, मॅट्रिक झाली की नागपूरले चित्रकलेच्या शाळेत जाऊ का?"

बाबा भात कालवत राहिले. "चित्रं इथं काढतेच ना तू."

"शिकून काढाची हायेत मले."

"एकटी राहशीन तिथं? कोन हाय आपलं नागपुरात?"

"धुरपी नाही राह्यली जंगलात एकटी? टाळ्या तर तुमीच घेतल्या."

आईचा हात ताटावरच थांबला. बाबा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"धुरपी फिल्मची हाय, शालू. फाटली तर दुसरी कापता येते."

१६ सप्टेंबर

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

१९ ऑक्टोबर

दिवाळीची सुट्टी. उकंडराव आले होते. कापसाचे दलाल, सगळ्या जिल्ह्यात फिरतात, जाता जाता लग्नंही जमवतात. बीबी गावचं स्थळ आणलं म्हणे. किसनराव. शेती मोठी, विहिरीवर इंजिन. मुलगा पंजाबराव, दोन वर्षं खामगावच्या कॉलेजात होता, मग शेतीत परत.

बाबा म्हणाले, "पाहून तर घेऊ."

मी आत मुटकुळं करून पडले होते. सगळं ऐकू येत होतं. आई काहीच बोलली नाही. आई कधीच काही बोलत नाही! घरात एवढं शांत माणूस असल्यावर माझा आवाज कुठून आला कोणास ठाऊक.

२ नोव्हेंबर

उशीर झाला आहे. तरी लिहिणारच.

दुपारी बीबीचे पाहुणे आले. किसनराव, त्यांची बायको जनकाबाई, आणि तो मुलगा — सबंध वेळ बुटांकडे बघत बसला. मी पोहे नेले. जनकाबाईंनी विचारलं, "बोलत नाही काय वं?"

आई म्हणाली, "लाजते."

लाजते! तालमीनं घसा दुखत होता माझा, रात्रीच्या खेळासाठी आवाज जपत होते.

पण ते ऐकून किसनराव एकदम खूश. "आमाले शांतच सून पायजे, मास्तर. मोठ्याची बायको लय तोंडाळ निघाली, घर फोडलं तिनं. पुन्यांदा नोको ते."

बाबा म्हणाले, "आमची शालू? तिचा आवाज शेजाऱ्यालेही माहीत नाही."

मी दाराआडून ऐकलं अन् तोंडात पदर कोंबून हसले. हो, हसले! वाटलं, गंमतच आहे.

मग उकंडरावांनीच काढलं — आज मास्तरांचा खेळ आहे, पाहूनच जा. बाबांना नाही म्हणता येईना. मला आत येऊन हळूच म्हणाले, "तू मागच्या वाटेनं जा. आधीच जाऊन बस. खेळ संपला तरी बाहेर यायचं नाही."

धुरपी आज डाकूंच्या किल्ल्यात होती. दार उघडून पोरांना सोडवायची होती. मी रोजच्यासारखीच बोलले. खरं सांगायचं तर रोजच्यापेक्षा जोरात बोलले. का, ते मलाच कळलं नाही. पडद्यापलीकडून किसनरावांचा आवाज आला, चांगला मोठ्यानं — "कोन हाय बे हे पोट्टी? लय आगाव दिसते!" लोक हसले. बाबांच्या हातातल्या काड्या अडखळल्या. धुरपीचा पाय उलटा वळला.

खेळ संपला. बाबा पुढं गेले. नेहमीसारखं सगळ्यांचे आभार मानतील असं वाटलं. ते म्हणाले, "आज एक नाव सांगायचं आहे. धुरपीचा आवाज आहे आपल्या गावातल्या फकीर मोहम्मदभाईंच्या मुलीचा — कुमारी शकीला!"

टाळ्या.

पडद्याच्या फटीतून दिसलं मला. शकीला पोरींच्या रांगेत बसली होती. सगळ्या वळून तिच्याकडे बघत होत्या. तिनं आधी मागं वळून पाहिलं — दुसरी कोणी शकीला आहे का म्हणून. मग पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडेच.

इतके दिवस वाट पाहिली, कोणीतरी सांगेल आवाज कोणाचा ते. सांगितलं. पहिल्यांदा नाव घेतलं माझ्या आवाजाचं — आणि ते तिचं घेतलं!

मी बाहेर आले नाही. लोक जाईपर्यंत तिथंच बसले.

४ नोव्हेंबर

शकीला शाळेत नाही.

बीबीहून होकार.

५ नोव्हेंबर

सकाळी फकीरचाचा आले. सोबत शकीलाचा मोठा भाऊ अन्वर. अन्वरचा चेहरा लाल, पण चाचांनी त्याला ओट्याखालीच थांबवलं. चप्पल काढून आत आले अन् उभेच राहिले. बाबा "बसा, बसा" करत होते.

"मास्तरसाब, आमच्या शकीलानं कधी तुमच्या पडद्यामागं पाय ठेवला?"

बाबा म्हणाले, "नाही, पण त्याचं असं झालं—"

"तिचं लगन बाळापूरले ठरून राह्यलं, तुमाले माहीत हाय. लग्नाच्या कपड्याची तारीख ठरली. काल त्याइचा माणूस आला. म्हणे, तुमची पोरगी गावापुढं डाकूले शिव्या देते, असं बाजारात आयकलं."

"उन्हाळ्यापर्यंत थांबा, फकीरभाई. आमच्या शालूचं होऊन जाऊ द्या. मग मीच जाऊन सांगतो बाळापूरले. मी शिक्षक माणूस, माह्या शब्दाले—"

चाचा आमच्या फडताळाकडे बघत होते. तिथं त्यांनीच केलेली चाळणी टांगली आहे.

"तुमच्या घरची इज्जत झाकाले माह्या घरचं पांघरूण ओढून नेलं तुमी, मास्तर," म्हणाले. आणि गेले. चहा तसाच राहिला.

बाबा मला म्हणाले, "अशी काय पाहतेस? तुह्यासाठीच केलं."

९ नोव्हेंबर

बाळापूरवाल्यांनी मोडलं.

शकीलाचं नाव शाळेतून काढलं. अन्वर येऊन तिची पुस्तकं घेऊन गेला.  गुरुजींनी हजेरी घेतली, तिच्या नावावर थांबले, पुढं गेले.

१० नोव्हेंबर

बाजारगल्लीत गेले. शकीलाच्या आईनं दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "घरी जा, बेटी." बेटी म्हणाली! तेच जास्त लागलं.

मागच्या बाजूनं पत्र्यावर हातोडी चालल्याचा आवाज येत होता. चाचा तर दुकानात दिसले होते. मग कोण ठोकत होतं? शकीलाच असेल. शाळा नाही तर पत्रा.

१३ नोव्हेंबर

उद्या बालदिनाचा खेळ. तहसीलचे लोक येणार, उकंडराव पण येणार. बाबा म्हणाले, "उद्याही तिचंच नाव सांगतो. आता बदललं तर दोघींचंही वाटोळं."

मी म्हटलं, "तिचं झालंच हाय."

"म्हनूनच. आता आनखी काय होनार तिचं?"

हे माझे बाबा. खेळात धुरपी रडली की यांचे डोळे भरतात. मी रोज शेजारून बघते ना! तेच डोळे. मला कळत नाही, एकाच माणसाचे कसे असतात.

१४ नोव्हेंबर

केलं.

खेळ झाला. बाबा पुढं गेले. "धुरपीचा आवाज — कुमारी—"

"थांबा, मास्तर!" मी धुरपीच्याच आवाजात ओरडले. पोरं हसायला लागली, त्यांना वाटलं खेळच चालू आहे. मी पडदा बाजूला सारला अन् पुढं आले. बत्ती मागं होती, माझी सावली सगळ्या हॉलावर पडली.

"हा आवाज माहा हाय. वामनरावाच्या शालूचा. शकीला एक दिवसही पडद्यामागं आली नाही. मास्तर खोटं बोलले."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या माणसांनी नाही. हॉलात एकदम एवढं गप्प झालं की बत्तीची सुरसुर ऐकू येत होती. मग बाबांनी ती बत्तीही विझवली.

अंधारात एक बारीक आवाज आला — "मंग धुरपी कुठं गेली?"

१५ नोव्हेंबर

बाबा बोलत नाहीत. शाळेतही गेले नाहीत. आईनं त्यांचं ताट झाकून ठेवलं, मग माझं वाढलं. वाढताना म्हणाली, "घसा कसा हाय?" एवढंच.

आता बीबीवाले मोडतील. शकीलाचं परत जुळेल. मी परीक्षेला बसेन. मला भीती वाटायला पाहिजे ना? वाटत नाही. आज कितीतरी दिवसांनी भूक लागली.

१८ नोव्हेंबर

उकंडराव बीबीला जाऊन आले. ओट्यावर बसले, तंबाखू मळली. आम्ही तिघंही उभे. मग हसायला लागले.

"मास्तर, काऊन घाबरून राह्यले? किसनरावाले सगळं सांगतलं. ते हसले. म्हणे, मोठी सून तर तिशीची होऊन बोलाले लागली. हे तर अजून पोट्टीच हाय. आमच्याकडं आली की आवाज बसंल आपोआप. फक्त म्हणे, आता उशीर नोको. उन्हाळ्याची वाट पाहू नका."

बाबांनी खांबाला हात लावून मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे पाहिलं — त्या दिवसापासून पहिल्यांदा — आणि हसले! माफ केल्यासारखे.

मला ते हसू बघवेना.  मोरीत जाऊन बसले.

२१ नोव्हेंबर

शकीला भेटली. विहिरीवर. हाताला दोन ठिकाणी पत्रा कापलेला.

मी म्हटलं, "मी सांगतलं सगळ्याइसमोर."

"आयकलं."

"बाळापूरवाले?"

"म्हणतात, मास्तर अन् तुमी मिळून झाकून राह्यले. पोरीचं नाव एकदा लोकाइच्या तोंडी गेलं ना, मंग खरं काय न खोटं काय, कोन पुसते?" तिनं दोर ओढला. मी हात लावायला गेले तर म्हणाली, "राहू दे."

"शकीला, मी तुह्यासाठी—"

"तू तुह्यासाठी बोलली, शालू. तुले वाटलं, बीबीवाले मोडतीन."

 वाटलं होतंच. तिच्यासाठीही वाटलं होतं. दोन्ही वाटलं होतं. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगू? ती बारा दिवस घरात कोंडलेली होती तेव्हा मी गप्प होते, आणि माझ्या गळ्याशी आलं तेव्हा बोलले, असंच दिसतं ना.

घागर घेऊन गेली. वळली नाही.

८ डिसेंबर

बाबांनी खेळ बंद केला. विचारणाऱ्यांना सांगतात, "मुलीच्या लग्नाची गडबड."

आज फकीरचाचा त्यांची पेटी न्यायला आले. शकीला मागं होती. पेटी उचलली. बाबा सुटल्यासारखे म्हणाले, "न्या, न्या. तुमचीच आहे."

शकीला म्हणाली, "ते चित्रं भी द्या."

बाबा म्हणाले, "तुले कायले पायजेत?"

"माहं नाव लागलं ना तिले. मंग माह्याजवळ राह्यली पायजे."

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मीच आत जाऊन सगळा गठ्ठा आणला — मगर, अस्वल, किल्ला, पाणी. वर धुरपी. शकीलानं ती उजेडात धरून पाहिली. मान, हात, पाय, एकेक सांधा ओढून पाहिला.

"डावा पाय सैल हाय," मी म्हटलं.

"दिसला," ती म्हणाली.

११ जानेवारी १९६९

माघात लग्न. परीक्षा मार्चमध्ये. बाबा म्हणतात, बीबीवाल्यांशी बोलणं झालं आहे, परीक्षेला पाठवतील. उकंडराव शेजारी बसून मान हलवत होते.

कोणाचंच खरं वाटत नाही.

उद्या लग्न

तारीख टाकावीशी वाटत नाही.

आईनं माझी रंगपेटी ट्रंकेत तळाशी, लुगड्यांच्या खाली घातली होती. बाबांनी सामान पाहिलं अन् काढून ठेवली. "तिथं कायले लागते." आईनं परत घातली नाही. पण उठून गेली आणि भिंतीतल्या देवळीकडे तोंड करून किती वेळ उभी होती.

१२ मार्च १९६९, बीबी

आज मराठीचा पेपर असेल. मी सकाळपासून तूर पाखडते आहे.

४ मे

इथं कोणी वाईट वागत नाही. लिहायलाच हवं. खायला भरपूर, मारत कोणी नाही. जनकाबाई शेजारणींना सांगतात, "आमची सून लय शांत. हाय का नाही तेही समजत नाही." हे कौतुक आहे.

१७ जुलै

दुपारी सगळी वावरात. हे घरी होते, पाय मुरगळला म्हणून. मला म्हणाले, "बस इकडं. ते धुरपीवानी बोल ना एकदा."

मला वाटलं, थट्टा. पण नव्हती. लहान पोरासारखे बघत होते. म्हणाले, "त्या दिवशी मी आयकलं होतं ना. रस्त्यानं येताना मनात तेच चाललं होतं. ते दात काढून देतो म्हणते ते."

तो मगरीचा खेळ होता, यांनी पाहिलेला किल्ल्याचा होता. कोणाकडून तरी ऐकलं असेल. तरी मी बोलले. "सोड बे! नाहीतर—"

"हळू!" दाराकडे पाहून म्हणाले. "शेजारी हायेत. हळू म्हण."

मी हळू म्हटलं. धुरपी हळू बोलत नाही. जे आलं तोंडातून, ते कोणाचंच नव्हतं. यांनाही कळलं ते. पाय चोळत बसले.

२० सप्टेंबर

बुलढाण्याला बाबांचा सत्कार झाला. मुलींच्या शिक्षणासाठी केलेल्या कामाबद्दल. भाषण छापून आलं आहे. यांनी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. किसनराव म्हणाले, "व्याही मोठा माणूस हाय आपला!"

मी भाकरी थापत होते. एकही करपली नाही.

३ नोव्हेंबर

आई आली होती, दिवाळीला न्यायला. जनकाबाईंनी पाठवलं नाही, कापूस वेचणी आहे म्हणून. आई रात्रभर राहून परत गेली. जाताना म्हणाली, "फकीरभाई आता बाजार बाजार फिरतात. मालासंगं ते पेटी नेतात. अन्वर काड्या धरते म्हने. लोक गोळा होतात, मंग बादल्या खपतात."

"अन् बोलते कोन?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. "मी गेली होती पाहाले. मलकापूरच्या बाजारात. एकटी. शकीला तुहं पुसत होती." मग एस.टी. आली.

आई! बाजारात! एकटी! समोर बसून!

१४ डिसेंबर

रोज विचार करते, इथल्या बाजाराला येतील का. आणि आले तर मी कोणत्या तोंडानं जाऊ. शकीला मला पाहून थांबली तर? नको. न आलेलेच बरे.

२ फेब्रुवारी १९७०

वर्ष होऊन गेलं. मोठ्यानं बोलून पाहिलं, विहिरीच्या कडेला वाकून. कोणी नव्हतं. आवाज निघाला, पण धुरपीचा नाही. किसनराव खरं बोलले होते. बसला.

१० मार्च

आज बीबीचा बाजार. मिरचीच्या पाटीशेजारी काळ्या कापडाचा तंबू. मी जनकाबाईंच्या शेजारी, बायकांत, डोक्यावर पदर घेऊन बसले. आत बत्ती पेटली. धुरपी आली — वेणी माझी, पाय नवा जोडलेला — आणि शकीलाच्या आवाजात बोलली! जाड, खणखणीत, थोडं हिंदी मिसळून. माझ्याहून चांगली.

धुरपी आज कोणालातरी शोधत होती. डोंगर झाला, भुयार झालं. मग ती पडद्याच्या अगदी मधे येऊन उभी राहिली. "माही दोस्त याच गावात हाय," म्हणाली. "आवाज हरवला म्हणे तिचा. शालू! हायस का वं?"

पोरं इकडं तिकडं बघायला लागली. जनकाबाईंनी अंधारात माझा दंड घट्ट धरला.

"हाव!" मी उभी राहून ओरडले. "हाय मी!"

सगळा तंबू वळला. दंड सुटला.